सड्यावरची वेगचाचणी: मानवचलित वाहनांचा एक दिवस कसा आखावा

वेगचाचणीत प्रत्येक वाहन एकटे धावते. ते लांबून वेग घेत येते, रस्त्यावर आखलेला २०० मीटरचा टप्पा पूर्ण वेगात ओलांडते आणि पुढे जाऊन थांबते. त्या २०० मीटरला लागलेल्या वेळेवरून वाहनाचा वेग ठरतो. वाहनाला इंजिन, मोटर किंवा बॅटरी चालत नाही. चालवणाऱ्याचे पाय किंवा हात एवढीच शक्ती वापरायची असते. अमेरिकेतील नेवाडा राज्यात बॅटल माउंटन या गावाजवळच्या वाळवंटी रस्त्यावर २००० सालापासून अशा चाचण्या भरत आल्या आहेत. १७ सप्टेंबर २०१६ रोजी त्याच रस्त्यावर टॉड रायकर्ट या कॅनडाच्या सायकलपटूने ‘ईटा’ नावाच्या, चालकासह पूर्ण कवचात बंद असलेल्या सायकलवर ताशी १४४.१७ किलोमीटर वेग गाठला. या वेगाने २०० मीटर अंतर पाच सेकंदांच्या आत संपते.

असा दिवस कोकणात भरवायचा तर काय करावे लागते, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे. आमच्याकडे वाळवंट नाही, पण सडा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाचे हे उघडे माथे मैलोन्मैल सपाट पसरलेले असतात, त्यांवर झाड क्वचितच दिसते आणि त्यांवरून जाणारे डांबरी रस्ते कोकणातील इतर रस्त्यांच्या मानाने आश्चर्य वाटावे इतके सरळ असतात. विक्रमांची तुलना मात्र कोणी करू नये. बॅटल माउंटन समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ असते, आणि वेगाची मुख्य लढाई हवेशीच असते. सायकलचा वेग दुप्पट करायचा असेल तर हवा कापण्यासाठी आठपट शक्ती लागते, म्हणून विरळ हवेचा फायदा मोठा ठरतो. सड्यावरचे आकडे सड्याचेच मानावेत आणि पुढल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहावेत.

रस्ता निवडणे

चाचणी दोन्ही दिशांनी घ्यायची असल्यास किमान २.२ किलोमीटर सरळ रस्ता लागतो: मधोमध २०० मीटरचा मोजणीचा टप्पा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक किलोमीटर. एका दिशेने जाताना पहिला किलोमीटर वेग घेण्यासाठी आणि पलीकडचा थांबण्यासाठी वापरला जातो; उलट दिशेने येताना त्यांची कामे बदलतात. थांबण्यासाठी पूर्ण किलोमीटर कशाला, असा प्रश्न हमखास विचारला जातो. साध्या काळ्या सायकलला तो लागत नाही, पण आडव्या सायकलला, म्हणजे पाठीवर रेलून पाय पुढे टाकून चालवायच्या सायकलला, हवा फार कमी अडवते. तिला कवच असेल तर ती पेडल थांबवल्यावरही बराच वेळ आपल्याच वेगात पळत राहते.

रस्ता शक्यतो दक्षिणोत्तर असावा. किनाऱ्यावरचे वारे प्रामुख्याने पूर्व-पश्चिम वाहतात, त्यामुळे दक्षिणोत्तर रस्त्यावर वारा पाठीवर किंवा तोंडावर न येता कुशीवर येतो. वाहनाला त्याची मदत कमी होते आणि अडथळाही कमी होतो. कवच असलेल्या वाहनांना मात्र आडवा वारा धोक्याचा असतो, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

रस्ता एकदा सकाळी सायकलवरून आणि एकदा भर दुपारी पायी पाहावा. सायकलवरून हादरे कळतात. पायी चालताना चिऱ्यांच्या ट्रकमधून पडलेल्या कपच्या, डांबराच्या सुटलेल्या कडा आणि सड्यावरून रस्त्यावर उतरणाऱ्या पायवाटा दिसतात. प्रत्येक पायवाट नकाशावर नोंदवावी, कारण चाचणीच्या दिवशी तितकी माणसे तेथे उभी करावी लागतील.

किनाऱ्याच्या ओल्या, घट्ट वाळूवर चाचणी का घेऊ नये, असेही पुष्कळ जण सुचवतात. माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. वाळूचा घट्टपणा पावलागणिक बदलतो, त्यामुळे दोन धावांची तुलना होऊ शकत नाही. खारे पाणी साखळीत आणि बेअरिंगमध्ये शिरते. शिवाय वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात, तेथे चाके नेणे योग्य नाही. सड्यालाही हीच काळजी लागू आहे. अनेक सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत आणि ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समाविष्ट झाली आहेत. कातळावर कोरलेली रेघ गाडीच्या चाकाखालून पटकन ओळखू येत नाही. म्हणून प्रेक्षकांची वाहने सड्यावर उतरू न देता गावाच्या मैदानात ठेवावीत.

तारीख आणि वेळ

जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा ठरतो. तोवर बहुतेक जत्रा उरकलेल्या असतात, शिमग्याच्या पालख्या रस्त्यावर यायला अवकाश असतो आणि आंब्याच्या गाड्यांची वर्दळ सुरू झालेली नसते. पावसाळा संपताच, सडा फुलांनी भरलेला असताना चाचणी घेण्याचा मोह होतो, पण तेव्हा रस्त्याच्या कडा भुसभुशीत असतात आणि पावसाचा भरवसा नसतो.

दिवसातील वेळ वाऱ्यावर ठरते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ऊन चढले की जमीन तापते, वाऱ्याची दिशा उलटते आणि खारा वारा सुरू होतो. या दोहोंच्या मध्ये, साधारणतः सकाळी साडेआठ ते दहाच्या सुमारास, हवा काही काळ स्थिर राहते. सड्यावरचे वाळलेले गवत त्या वेळी हलतसुद्धा नाही. संपूर्ण दिवसाची आखणी हा अवधी हाती लागावा यासाठी करायची असते. वेळ गावागणिक मागेपुढे होते, म्हणून ठरलेल्या तारखेच्या आधी निदान आठ दिवस रोज सकाळी त्याच जागी उभे राहून दर पंधरा मिनिटांनी वारा मोजून लिहून ठेवावा. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु याला पर्याय नाही.

परवानग्या आणि गाव

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहनांच्या शर्यती घेण्यावर बंदी आहे. सायकल मोटार वाहन नसल्यामुळे परवानगीची गरज नाही, असा अर्थ काही जण काढतात. तो अर्थ धरून चालू नये. सार्वजनिक रस्ता थोडा वेळ जरी अडवायचा असेल तरी पोलीस ठाणे, तहसील कार्यालय आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे तो विभाग (सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद) यांच्याकडे लेखी अर्ज करावा आणि ग्रामपंचायतीचे पत्र सोबत जोडावे. अर्जात वेळेचे टप्पे, रस्त्याचा कच्चा नकाशा, रुग्णवाहिकेची सोय आणि जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक असावा. दोन महिने आधी सुरुवात करावी.

कागदांपेक्षा गावाशी बोलणे अधिक महत्त्वाचे असते. सरपंच आणि पोलीस पाटील यांना प्रथम भेटावे, नंतर रस्त्यालगतच्या प्रत्येक वाडीत जावे. वस्तीची एसटी गावातून किती वाजता सुटते, दुधाची गाडी केव्हा येते, शाळेची मुले कोणत्या रस्त्याने जातात आणि गुरे केव्हा सड्यावर सोडली जातात, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर वेळापत्रक उभे राहते. आमच्याकडे गुरे आठच्या सुमारास बाहेर पडतात, म्हणजे नेमकी स्थिर हवेच्या तोंडावर. त्यावर उपाय म्हणून गुरे घेऊन जाणाऱ्यांना आदल्या संध्याकाळी भेटून त्या एका दिवशी गुरे तासभर आधी सोडण्याची विनंती करतो आणि ती रस्ता ओलांडून गेल्याची खात्री झाल्यावरच पहिली धाव सोडतो.

मापे घेणे

या दिवसाची सगळी किंमत चार मापांवर अवलंबून आहे: उतार, अंतर, वारा आणि वेळ. माणूस छाती फुटेस्तोवर पेडल मारतो, त्याला दिला जाणारा आकडा खरा असला पाहिजे.

उताराची आंतरराष्ट्रीय मर्यादा दोन-तृतीयांश टक्के आहे, म्हणजे २०० मीटरमध्ये १.३३ मीटर. ही मर्यादा क्षुल्लक वाटते, पण सायकलसह ९० किलो वजन असलेल्या माणसाला ताशी ४० किलोमीटर वेगात एवढ्या उतारावर सुमारे ६५ वॉट शक्ती फुकट मिळते. आम्ही हीच मर्यादा वेग घेण्याच्या किलोमीटरलाही लावतो. मोजण्यासाठी गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी पुरते. वीस मीटर लांब नळी घ्यावी, पाणी भरताना बुडबुडे पूर्ण काढावेत आणि दर वीस मीटरवर दोन्ही टोकांच्या पाण्याच्या पातळीची रस्त्यापासूनची उंची मोजून त्यांतील फरक वहीत लिहावा. सबंध रस्त्याला एक सकाळ लागते.

अंतर पोलादी टेपने, रस्त्याच्या मध्यरेषेवरून, दोनदा मोजावे. मोबाइलवरील नकाशाच्या अंतरावर विसंबू नये. २०० मीटरमध्ये एका मीटरची चूक म्हणजे वेगात अर्ध्या टक्क्याची चूक. दोन्ही रेषा आदल्या दिवशी दुपारी चुन्याने आखाव्यात. पहाटे आखू गेल्यास दंवाने डांबर ओले असते, चुना पसरतो आणि चार बोटांची रेघ वीतभर होते. रेघेच्या दोन्ही टोकांना रस्त्याबाहेर एकेक सरळ बांबू उभा करावा.

वारा मोजण्यासाठी हातात धरायचे वारामापक यंत्र घ्यावे आणि दिशेसाठी काठीला सुताची बारीक दोरी बांधावी. सेकंदाला १.६७ मीटर, म्हणजे ताशी ६ किलोमीटर, ही वाऱ्याची मान्य मर्यादा आहे. एवढा वारा चेहऱ्याला जेमतेम जाणवतो. तरीही तो पाठीमागून आला तर ताशी ४० किलोमीटरने जाणारी साधी सायकल ताशी तीन-चार किलोमीटर जास्त वेग दाखवते. म्हणून वाऱ्याचे वाचन प्रत्येक धावेच्या क्षणी, मोजणीच्या टप्प्याशेजारी घ्यावे आणि ते घेणारा माणूस वेळ मोजणाऱ्यांपैकी नसावा. मर्यादेबाहेरची धाव नोंदवावी, मात्र निकालात धरू नये.

वेळेच्या बाबतीत आमच्या हातून झालेली चूक सांगणे आवश्यक वाटते. पहिल्या वर्षी पहिल्या रेषेवरचा मुलगा सायकल येताच शिट्टी वाजवत असे आणि दुसऱ्या रेषेवरचा मुलगा शिट्टी ऐकून घड्याळ सुरू करत असे. आवाजाला २०० मीटर यायला ०.५८ सेकंद लागतात, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. ज्या धावेला खरोखर १८ सेकंद लागले, तिला आम्ही १७.४ सेकंद दिले आणि ताशी ४० ऐवजी ४१ च्या वरचा वेग फळ्यावर लिहिला. दुपारी एका शिक्षकांनी हिशेब करून दाखवला, तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या. तो संपूर्ण फळा पुसून प्रत्येकाच्या घरी जाऊन दुरुस्त आकडा सांगावा लागला. शिट्टीऐवजी झेंडा वापरला असता तर ही चूक टळली असती. प्रकाशाला तेवढे अंतर कापायला वेळ लागत नाही.

आता आम्ही दोन मोबाइल वापरतो आणि ही पद्धत कोणालाही जमेल. दोन्ही मोबाइल सेकंदाला ६० चित्रे घेणाऱ्या व्हिडिओवर लावून शेजारी शेजारी धरावेत, दोन्हींसमोर एकदा जोरात टाळी वाजवावी आणि चित्रण बंद न करता एकेक मोबाइल आपापल्या रेषेवर नेऊन तिपाईवर बसवावा. प्रत्येक कॅमेऱ्यातून दोन्ही बांबू एकामागे एक, एकच असल्यासारखे दिसले पाहिजेत. पुढचे चाक त्या रेषेवर आल्याचा क्षण टाळीपासून किती सेकंदांनी आला, हे दोन्ही चित्रणांत वाचून वजाबाकी करावी. चूक राहिली तर एका सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकी राहते, म्हणून वेग दशांशानंतर एका अंकापर्यंतच जाहीर करावा. ७२० ला सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात. दोन्ही दिशांच्या धावा धरायच्या असतील तर दोन्ही वेळांची बेरीज करून तिने १,४४० ला भागावे: १७.२ आणि १८.९ सेकंदांची बेरीज ३६.१, म्हणून वेग ताशी ३९.९ किलोमीटर.

वाहने आणि त्यांची तपासणी

साध्या सायकली, गिअरच्या सायकली, आडव्या सायकली आणि हाताने चालवायच्या तीनचाकी असे चार गट पुरेसे आहेत. हातसायकलींचा गट वगळू नये. दिव्यांग माणसे ज्या तीनचाकीवर रोज बाजारात जातात, तीही पूर्णार्थाने मानवचलित वाहनेच आहेत आणि हातांच्या बळावर त्या किती धावतात हे मोजून पाहण्याजोगे आहे.

आडव्या सायकलींविषयी एक इतिहास सांगितला पाहिजे. १९३३ मध्ये फ्रान्सिस फॉर या फ्रेंच सायकलपटूने चार्ल्स मोशे यांनी बनवलेल्या आडव्या सायकलवर एका तासात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून तासाचा विक्रम मोडला आणि पुढल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने नियम बदलून अशा सायकलींना अधिकृत शर्यतींतून बाहेर ठेवले. त्या सायकलींना पुन्हा मैदान मिळाले ते मानवचलित वाहनांच्या संघटनेमुळे, १९७६ नंतर. म्हणून आमच्या नियमावलीत वाहनाच्या आकारावर कोणतेही बंधन नाही. बंधन केवळ सुरक्षिततेचे आहे.

तपासणी आदल्या संध्याकाळी करावी. समुद्रकाठच्या सायकलींना गंज वरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो, विशेषतः आऱ्यांच्या मुळाशी. चाक उचलून फिरवत प्रत्येक आऱ्याला नखाने टिचकी मारावी. घट्ट आरा खणखणीत वाजतो, तर सैल किंवा गंजून सुटत आलेला आरा बोदा आवाज करतो. एकदा कान बसला की डोळे मिटूनही फरक कळतो. त्यानंतर दोन्ही ब्रेक, हँडलचा बोल्ट, साखळी आणि टायरच्या कडा पाहाव्यात. दांडीचे ब्रेक असलेल्या सायकलींत रबराचे ठोकळे रिमला पूर्ण टेकतात का ते पाहावे. हेल्मेट नसेल तर धाव नाही. या नियमाला अपवाद करू नये.

पत्र्याचे किंवा प्लास्टिकच्या नालीदार शीटचे कवच लावलेले वाहन आणल्यास दोन अटी घालाव्यात. पहिली, आत बसलेल्या माणसाला बाहेरच्या मदतीशिवाय दहा सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे. दुसरी, वारा सेकंदाला एक मीटरपेक्षा अधिक असेल तर ते धावणार नाही, कारण कवचाची कुशी शिडासारखी वारा पकडते. बॅटल माउंटनच्या पूर्ण बंद वाहनांत चालकाला पाय टेकता येत नाही. सुटताना दोघे त्याला धरून ढकलतात आणि शेवटी दोघे त्याला झेलतात. आपल्याकडेही अशा वाहनासाठी झेलणारे लागतात आणि त्यांनी आधी रिकाम्या मैदानात सराव केला पाहिजे.

प्रत्यक्ष दिवस

पहाटे साडेपाचला सर्वांनी जमावे. वस्तीची एसटी गेली की रस्ता पूर्ण झाडून काढावा; खराट्याने दोन किलोमीटर झाडायला दहा माणसांना पाऊण तास लागतो. प्रत्येक पायवाटेवर लाल आणि हिरवा झेंडा घेतलेला एकेक माणूस उभा करावा. सड्यावर मोबाइलला सगळीकडे रेंज मिळेलच असे नाही, म्हणून झेंडा एकाकडून दुसऱ्याला दिसेल इतक्या अंतरावर माणसे ठेवावीत. शेवटच्या टोकापासून हिरवे झेंडे एकेक करून सुटण्याच्या जागेपर्यंत आल्याशिवाय धाव सोडू नये. रुग्णवाहिका मोजणीच्या टप्प्याच्या मागे, तोंड तालुक्याच्या दवाखान्याकडे करून उभी असावी.

रस्ता एका वेळी वीस मिनिटे बंद ठेवावा आणि मध्ये दहा मिनिटे वाहनांना जाऊ द्यावे. दर तीन मिनिटांना एक धाव धरली तर एका टप्प्यात सहा धावा होतात. सहा जण उत्तरेकडून दक्षिणेला जातात आणि पुढच्या टप्प्यात तेच सहा जण उलट येतात. एकाच माणसाच्या दोन धावांमध्ये पाऊण तासापेक्षा अधिक अंतर पडू देऊ नये, कारण तेवढ्यात वारा बदलतो. पहिल्या टप्प्यात अननुभवी मुले सोडावीत आणि ज्यांच्याकडून मोठ्या वेगाची अपेक्षा आहे त्यांना स्थिर हवेच्या वेळेसाठी राखून ठेवावे.

प्रेक्षकांना दुसऱ्या रेषेपाशी उभे राहायला आवडते, आणि तीच सर्वांत वाईट जागा आहे. रेषा ओलांडताना दमलेल्या माणसाचे डोके खाली असते. आमच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगा रेषेनंतर लगेच थांबण्यासाठी ब्रेक दाबताना घसरून गर्दीपासून दोन हातांवर पडला. तेव्हापासून प्रेक्षकांना टप्प्याच्या मधोमध, रस्त्यापासून पंधरा पावले दूर, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, मागे उभे करतो आणि प्रत्येक चालकाला सुटण्यापूर्वी रेषेनंतर किमान तीनशे मीटर पेडल मारत राहण्यास बजावतो.

दहा वाजले आणि सुताची दोरी पूर्वेकडे झुकू लागली की खारा वारा आला असे समजून चाचणी थांबवावी. रांगेत कोणी उरले असेल तर त्याला वाईट वाटते, त्याचे नाव पुढल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर लिहावे, पण वाऱ्यात त्याला सोडू नये. कातळही तोवर तापू लागलेला असतो. दोन्ही चित्रणे दोघांनी स्वतंत्रपणे वाचावीत, आकडे जुळल्यावरच वहीत चढवावेत, आणि प्रत्येक वेगासमोर वाऱ्याची नोंद लिहावी: काळी सायकल, दांडीचे ब्रेक, दोन्ही दिशा, ३९.९, वारा ०.६ पूर्वेकडून. मग रस्त्यावरचा चुना पाण्याने धुवावा, बांबू उपटून घ्यावेत आणि शेवटच्या पायवाटेवरच्या माणसाने स्वतः रस्ता पाहून आल्यावर पोलीस पाटलांना रस्ता मोकळा झाल्याचे सांगावे.